आइन्स्टाइन, रँचो, कर्मवीर अण्णा आणि टीईटी

सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची केली, आणि सध्या साताऱ्यातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा : 'आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता. रँचोनं डिग्री नसताना लडाखमध्ये शाळा उभी केली. कर्मवीर अण्णांकडे कुठलं सर्टिफिकेट होतं? मग आमच्या गुरुजींनाच टीईटी कशाला? ज्ञान असलं की शिकवता येतं.' गुरुजींवरच्या मायेपोटी लोक तो पुढे पाठवतात, हे मला कळतं. पण त्यातला एकही दाखला टीईटीविरुद्ध लागू पडत नाही, आणि शेवटचं वाक्य तर मुलांचं नुकसान करणारं आहे.

आइन्स्टाइन गणितात कधीच नापास झाले नाहीत. पंधरा वर्षांचे होण्याआधीच त्यांनी कॅल्क्युलस आत्मसात केलं होतं. १८९५ साली झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा हुकली हे खरं, पण तेव्हा ते ठरलेल्या वयापेक्षा लहान होते. गणित आणि भौतिकशास्त्रात त्यांची चमक दिसली होती, अडलं ते इतर विषयांत. मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मात्र पुढे आहे. १८९६ मध्ये त्याच संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला, तो गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक घडवणाऱ्या विभागात. १९०० साली त्यांना मिळालेली पदविका हे विषय शिकवण्यासाठीचीच होती. पेटंट ऑफिसात लागण्याआधी १९०१ मध्ये विंटरथुरच्या तंत्रशाळेत त्यांनी काही काळ बदली शिक्षक म्हणून शिकवलंसुद्धा.

रँचो हे '३ इडियट्स' सिनेमातलं पात्र. तरी त्याच सिनेमात तो इंजिनिअरिंगची सगळी वर्षं शिकतो, पहिला येतो, फक्त डिग्री दुसऱ्याच्या नावावर जाते. सिनेमाचा राग घोकंपट्टीवर आहे, अभ्यासावर नाही.

अण्णांचं, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांचं, नाव मात्र साताऱ्यातच असं वापरलेलं पाहून मन दुखावतं. अण्णा मॅट्रिकसुद्धा नव्हते, बरोबर. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ती साताऱ्याला आणली. बहुजनांच्या पोरांसाठी गावोगाव शाळा काढायच्या तर आधी शिकवणारी माणसं घडवावी लागतील, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं, तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झालं. १९५५ साली संस्थेनं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन काढलं. स्वतःकडे पदवी नसलेल्या या माणसानं दुसऱ्यांच्या लेकरांसमोर अप्रशिक्षित शिक्षक उभा करायचा नाही, यासाठी एवढी धडपड केली. त्यांचाच दाखला प्रशिक्षणाविरुद्ध कसा चालेल?

आता 'ज्ञान असलं की झालं' याबद्दल. सहावीच्या मुलांना विचारा, उन्हाळा का येतो? बरीच मुलं सांगतील, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी लोक शेकोट्या पेटवून बसलेले असतात. ऋतू होतात ते पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्यामुळे. हे विज्ञानाच्या पदवीधराला ठाऊक असतं. पण मुलाच्या डोक्यात चुकीचं उत्तर का बसलं, ते कोणत्या प्रश्नानं हलवायचं, बॅटरी आणि पृथ्वीगोल घेऊन काय दाखवायचं, हे वेगळं शिकावं लागतं. टीईटीच्या १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत, ते यासाठीच. सहावी ते आठवीच्या पेपरात गणित-विज्ञानाला ६० आहेत.

परीक्षा निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. दीडशे बहुपर्यायी प्रश्नांतून प्रयोग करून दाखवण्याची हातोटी कळत नाही. २०२१ मध्ये उघड झालेल्या टीईटी घोटाळ्यानं तर प्रामाणिक उमेदवारांचा विश्वासघात केला. पण गुण विकले गेले म्हणून कसोटीच नको, हे मला पटत नाही. विकणाऱ्यांना शिक्षा व्हावी आणि परीक्षा चोख व्हावी.

राहिली भीती : 'सगळ्या गुरुजींच्या नोकऱ्या जाणार.' सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात असं सरसकट काही नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना टीईटीविना नोकरीत राहता येईल, फक्त पदोन्नती मिळणार नाही. बाकीच्यांना टीईटी उत्तीर्ण होण्यासाठी निकालापासून दोन वर्षांची मुदत आहे. टीईटी लागू करणाऱ्या २०१० च्या अधिसूचनेआधी नोकरीला लागलेल्या शिक्षकांना हे जाचक वाटतं, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. वीस-पंचवीस वर्षं शिकवल्यावर, त्यात निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामं सांभाळून, पुन्हा परीक्षेला बसणं सोपं नाही. त्यांच्या बाजूनं उभं राहायचंच असेल तर मागणी करा : अभ्यासाच्या काळात अशैक्षणिक कामांतून सुटका, आणि फलटणच्या डाएटमार्फत (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) तालुक्या-तालुक्यात सुट्टीतले मोफत मार्गदर्शन वर्ग. पाटण आणि जावळीच्या डोंगरातल्या एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळांपासून सुरुवात व्हावी. तिथल्या गुरुजींना क्लाससाठी साताऱ्याला ये-जा करणं परवडणारं नाही.