'डिसीज'मधला 'ईज'
इंग्रजी 'ईज' (ease) आणि त्याच्या जवळच्या शब्दांवरच्या तुमच्या लेखात 'ईज'चा अर्थ 'आराम' एवढाच देऊन तुम्ही पुढे गेलात. तिथे थोडं थांबायला हवं होतं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा एक अर्थ होता मोकळी जागा, हातपाय हलवायला मिळणारी ऐसपैस जागा. त्याच्याही मागे बहुधा लॅटिनमधला 'शेजारी असलेलं' या अर्थाचा शब्द आहे, ज्यातून 'अ‍ॅडजेसंट' आला. म्हणजे जे हाताशी आहे ते सोपं! मला ही कल्पना फार आवडते.

'डिसीज' फोडून बघा: डिस (म्हणजे नसणं) अधिक ईज. १४व्या शतकात त्याचा अर्थ त्रास, बेचैनी असाही होता. आजार हाच अर्थ पुढे पक्का झाला. आपल्याकडेही मन 'अस्वस्थ' होतं आणि प्रकृतीचं 'अस्वास्थ्य'ही असतं, दोन्हींचं मूळ एकच.

'फॅसिलिटी' आणि 'डिफिकल्ट' यांचं कूळ वेगळं, लॅटिन 'फॅसिलिस' म्हणजे करायला सोपं. त्याच घरातला 'फॅसाइल' मात्र घसरला. युक्तिवाद फॅसाइल म्हटला की तो उथळ ठरतो.

आणि चित्रकाराचा 'ईझल', म्हणजे चित्र टेकवायची घोडी, कृपया 'ईज'च्या नातेवाइकांच्या यादीत घेऊ नका. तो डच भाषेतल्या गाढवावरून आलाय, ओझं पेलतो म्हणून.