चॅटच्या सर्व्हरचा सातबारा

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस झोहो या भारतीय कंपनीचं मेसेजिंग ॲप 'अरट्टाई' भारतात एकदम वर आलं आणि वादाला तोंड फुटलं. एका गटाला स्वदेशीचा अभिमान. दुसऱ्याचं म्हणणं, टेक्स्ट चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्या-घेणाऱ्यालाच वाचता येणारं, नसेल तर काय उपयोग? (त्या वेळी ते नव्हतं, त्यामुळे शंका रास्तच होती.) या गदारोळात झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेम्बू यांचा एक मुद्दा मागे पडला: मेसेजिंग यूपीआय किंवा ईमेलसारखं असावं, एका कंपनीच्या ॲपमधून दुसरीच्या ॲपमध्ये संदेश जावा.

तशी व्यवस्था नव्याने शोधायची गरज नाही. वेगवेगळ्या सर्व्हरनी एकमेकांशी बोलण्याचं एक्सएमपीपी हे मानक २००४ सालचं, तशाच कामाचं मॅट्रिक्स २०१४पासून चालू आहे. खुद्द व्हॉट्सॲपचा सर्व्हर सुरुवातीला ईजॅबर्डी या एक्सएमपीपीच्या ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या, सर्व्हरवर बेतलेला होता. बांधणारे गवंडी आपल्याकडे भरपूर आहेत. बांधलेल्या घराची गळती कोण काढतो, त्याला पैसे कोण देतो, आणि तो कंटाळून निघून गेला की दप्तर कुणाच्या ताब्यात जातं, यावर घरच्या, म्हणजे भारतातल्या चर्चेत अक्षर नसतं. जर्मनीतून ती चर्चा वाचताना हीच गोष्ट टोचते. इकडे लष्कराचा बीडब्ल्यू-मेसेंजर मॅट्रिक्सवर चालतो, आरोग्यसेवेचा टीआय-मेसेंजरही, त्यामुळे 'हे पुढची दहा वर्षं कोण सांभाळणार' हा प्रश्न निविदेच्या कागदावरच येतो.

असा खुल्या कोडचा चालू मेसेजिंग प्रकल्प जुन्या चालकांकडून ताब्यात घेणं म्हणजे रेपॉझिटरीवर (कोडच्या साठ्यावर) ॲडमिनचा हक्क मिळवणं, असा समज आहे. तो हक्क सगळ्यात सोपा. शेत कसायला मिळालं तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर राहू शकतो, तसं इथे होतं. फ्रीनोडचं उदाहरण घ्या. हे आयआरसीचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गटचॅटचं, जाळं वर्षानुवर्षं स्वयंसेवकांनी चालवलं, पण नाव आणि डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) ज्या कंपनीकडे होतं ती २०१७मध्ये दुसऱ्याच्या हाती गेली. मे २०२१मध्ये झगडा पेटला तेव्हा स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि स्वीडनमध्ये लिबेरा चॅट ही ना-नफा संस्था काढून शून्यापासून सुरुवात केली. इथे कूळकायदा नव्हता. कसणारे बाहेर पडले, कागदवाला राहिला.

म्हणून पहिल्या आठवड्यात कोडला हात लावू नये. आधी यादी करावी: डोमेन कुणाच्या खात्यावर आहे, त्याची मुदत कधी संपते, डीएनएस (डोमेन कुठल्या यंत्राकडे जातं याची नोंद) कोण बदलू शकतो, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण कुठल्या यंत्रावर होतं, प्ले स्टोअरचं खातं वैयक्तिक आहे की संस्थेचं, गूगलच्या फायरबेस सेवेतल्या प्रकल्पाचा मालक कोण. शेवटचा हमखास राहून जातो. अँड्रॉइडचे पुश संदेश (ॲप बंद असतानाही 'मेसेज आला' असं कळवणारे) त्याच प्रकल्पातून जातात, आणि गूगलने ते पाठवायचा जुना मार्ग, म्हणजे जुना पुश एपीआय, २०२४मध्ये बंद केला. दोन वर्षं पडून असलेला प्रकल्प घेतलात तर पहिली तक्रार हीच येणार: 'ॲप उघडल्याशिवाय मेसेज येत नाही.' लोक सर्व्हरला दोष देतात. दोष पुश गेटवेत (सर्व्हरकडून ते संदेश पुढे धाडणाऱ्या भागात) असतो, आणि मालकीहक्क नसेल तर नव्या एपीआयसाठी लागणारी किल्लीही काढता येत नाही. त्यात प्ले स्टोअरला ऑगस्ट २०२५च्या अखेरीपासून प्रत्येक अपडेट किमान एपीआय ३५ला (अँड्रॉइड १५ला) लक्ष्य करणारं लागतं, म्हणजे एक ओळीची दुरुस्ती पाठवायलाही आधी अख्खं बिल्ड अद्ययावत करावं लागतं.

सही-किल्लीची गोष्ट याहून नाजूक. अँड्रॉइडचं अपडेट मूळ डिजिटल सही-किल्लीनेच सही केलेलं लागतं. ती जुन्या मेंटेनरच्या (प्रकल्पाची निगा राखणाऱ्याच्या) बिघडलेल्या डिस्कवर असेल, तर त्याच नावाने अपडेट देता येत नाही. नवं पॅकेज नाव घ्यावं लागतं आणि वापरणाऱ्याला नवं ॲप टाकावं लागतं. साध्या ॲपला हे चालून जातं. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये मात्र ओमेमोच्या (एक्सएमपीपीवरच्या एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या जुन्या ॲपच्या पोटात असतात, आणि बॅकअप न घेता ते काढलं की जुना इतिहास गेला. प्ले ॲप साइनिंग ही गूगलची सोय वापरली असेल तर सहीची किल्ली गूगलकडे असते आणि अपलोडची किल्ली बदलून मिळते, तेवढा दिलासा. एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्स ॲपचं दुकान सहसा स्वतःच्या किल्लीने सही करतं, त्यामुळे तिथलं ॲप प्ले स्टोअरच्या ॲपवर बसत नाही. हे न सांगता 'आता एफ-ड्रॉइडवरून घ्या' असं जाहीर करणारे नवे मेंटेनर पहिल्याच दिवशी विश्वास गमावतात.

सर्व्हरकडेही असेच खड्डे आहेत. मॅट्रिक्सच्या सिनॅप्स या सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचं नाव एकदा ठरलं की बदलत नाही, कारण प्रत्येक वापरकर्त्याच्या आयडीत ते कोरलेलं असतं. सर्व्हरची सही-किल्ली हरवली तर नवी करून भागतं, जुनीचा सार्वजनिक भाग कॉन्फिगमध्ये नोंदवून ठेवावा लागतो. पण आधीच्या माणसाच्या लॅपटॉपवर तिची प्रत राहिली असेल तर तुमच्या सर्व्हरच्या नावाने बोलण्याची सोय त्याच्याकडे राहते, म्हणून ताबा घेतल्यावर ती बदलायचीच. पोस्टग्रेसचा डेटाबेस 'सी' कोलेशनवर (अक्षरांच्या क्रमाच्या ठराविक नियमावर) आहे का तेही पाहावं. नसेल आणि सिनॅप्सची तक्रार दाबून ठेवली असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही पायरी ओलांडली की अक्षरांचा क्रम बदलतो, इंडेक्स बिघडतात आणि अनन्य म्हणवणाऱ्या ओळी दोनदा सापडू लागतात. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नये; तो दुसऱ्या यंत्रावर उभा करून दाखवला तरच तो बॅकअप.

परदेशात सर्व्हर ठेवला म्हणजे सुरक्षित, हा घरचा आणखी एक लाडका समज. जॅबर डॉट आरयू ही जुनी एक्सएमपीपी सेवा जर्मनीतल्याच यंत्रांवर होती. २०२३मध्ये कुणीतरी होस्टिंगच्या जाळ्यातच मध्ये बसून, तिच्या नावाने वैध सर्टिफिकेट काढून, काही महिने वाहतूक वाचत होतं. ऑक्टोबरमध्ये ते उघडकीला आलं, कारण ऐकणाऱ्याने आपल्या एका सर्टिफिकेटचं नूतनीकरण केलं नाही! यावर उपाय स्वस्त आहेत: डीएनएसमधल्या सीएए नोंदीत (सर्टिफिकेट कोण देऊ शकतो हे सांगणाऱ्या) सर्टिफिकेट काढणारं खातंसुद्धा बांधून टाकायचं, सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या, म्हणजे दिलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदींवर लक्ष ठेवायचं आणि लॉगिनला चॅनल बाइंडिंग (लॉगिन त्याच सुरक्षित जोडणीला बांधणं) वापरायचं. तिन्ही मिळून एका दुपारचं काम.

ताबा देणाऱ्याचीही बाजू आहे. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या प्रकरणात थकलेल्या एकट्या मेंटेनरवर अनोळखी खात्यांनी दबाव आणला आणि दोनेक वर्षं मनापासून मदत करणाऱ्या 'सहकाऱ्या'ला हक्क मिळाले. त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं. मार्च २०२४मध्ये एका अभियंत्याला एसएसएचने दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना अर्धा सेकंद उशीर का होतो हे खटकलं, म्हणून ते सापडलं. दाराचा कळीचा तुकडा गिटमध्ये (कोडच्या जाहीर नोंदीत) नव्हता, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपाच्या गठ्ठ्यात) होता. तेव्हा रिलीज कुणाच्याही लॅपटॉपवर बांधू नये, सर्वांसमोर गिटच्या टॅगवरून बांधावं. आणि नव्या माणसाला सही-किल्ली देण्याआधी निदान वर्षभर तक्रारी निस्तरायला, दुसऱ्याचे पॅच तपासायला लावावं. कंटाळवाणं काम कोण टिकून करतो ते त्यातच दिसतं. (एक्सझेडवाल्याने तेही केलं होतं, म्हणून रिलीजला दोन सह्यांचा नियम हवाच.)

पैशाचं काय? जर्मनीने २०२२मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला, त्यातून नव्या फीचरऐवजी देखभालीला पैसे मिळतात. नेदरलँड्सची एनएलनेट संस्था छोटी अनुदानं देते. डिनोसारख्या एक्सएमपीपी ॲपना त्याचा उपयोग झाला. तरी इकडे स्वर्ग नाही. सरकारी कंत्राटं मिळवणाऱ्या काही कंपन्या मॅट्रिक्सचा कोड फुकट घेत आणि परत काही देत नसत, म्हणून मॅट्रिक्समागच्या एलिमेंट कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये सिनॅप्स अपाचे या सैल परवान्यावरून, केलेले बदल खुले करायला लावणाऱ्या एजीपीएल परवान्यावर नेत असल्याचं जाहीर केलं. सरकारी गिऱ्हाईक पैसे देतं, पण ते मूळ कोड लिहिणाऱ्यापर्यंत पोचतातच असं नाही.

भारतात हे पैसे आता थोडे दिसू लागले आहेत. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस/फंड जाहीर केला. गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स शिकण्याच्या उपक्रमात आपली मुलं दरवर्षी मोठ्या संख्येने असतात, एखादं फीचर नेटकं लिहितात आणि नोकरी लागली की जातात. दोष मुलांचा नाही. 'तीन वर्षं जुन्या तक्रारी निस्तरल्या' या ओळीला पुण्या-बंगळुरूत मुलाखतीत कुणी भाव देत नाही.

कायद्याचं ओझं मात्र घरी जास्त. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सुरक्षेची घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्यात पहिली सूचना २४ तासांत द्यायची आहे, ओपन सोर्सची निगा राखणाऱ्या संस्थांसाठी वेगळा, हलका वर्गही केला आहे. मे २०२३मध्ये भारतात १४ मेसेजिंग ॲप बंद केली गेली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही ओपन सोर्स ॲपही होती; एक तक्रार अशी होती की त्यांचा भारतात प्रतिनिधी नाही. ब्रायरला तर मध्यवर्ती सर्व्हरच नाही, प्रतिनिधी कशाचा नेमणार? म्हणजे नाशिकमध्ये बसून असा प्रकल्प घेणाऱ्याने आधी ठरवावं की ६ तासांत फोन उचलणारे दोघे कोण, आणि रात्रपाळीला कोण.

व्यक्तीच्या नावावर हे ओझं टाकू नये, संस्थेच्या नावावर टाकावं, असं मला वाटतं. प्रव या भारतीय एक्सएमपीपी प्रकल्पाने क्विक्सी या एक्सएमपीपी ॲपचा कोड घेऊन बहुराज्य सहकारी संस्था काढण्याचा बेत आखला, तो महाराष्ट्राला कळायला हवा. साखर कारखान्यापासून पतसंस्थेपर्यंत सहकाराचे गुण आणि खोड आपल्याला तोंडपाठ आहेत: एकाच घरातले संचालक, वर्षानुवर्षं न झालेला लेखापरीक्षा अहवाल. अशी संस्था निघालीच तर तिच्या पोटनियमांत भागभांडवलाच्या कलमाशेजारी सही-किल्लीचं कलम असावं: ती कुठे आहे, कुणाकुणाकडे आहे, आणि त्यातल्या दोघांनी एकदम राजीनामा दिला तर तिसरा कोण.