‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

सडेतोड साहेब, स. न.

‘स्पेक्टर आणि ब्राउझरमधून झिरपणारी मेमरी’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून तिचा गोषवारा देतो: स्पेक्टरमुळे (म्हणजे प्रोसेसरमधल्या ज्या खोटीमुळे एखादी वेबसाइट आपली नसलेली मेमरी चोरून वाचू शकते, तिच्यामुळे) आजवर एकाही सामान्य माणसाचा रुपया गेल्याची नोंद नाही, लोक लुबाडले जातात ते ओटीपी सांगून आणि भलत्या लिंकवर बोट ठेवून, तर त्यावर लिहा, लेखात साल चुकलंय, स्पेक्टर समजावताना दिलेलं हॉटेलातल्या वेटरचं उदाहरण बालिश आहे. आणि शेवटी, शब्दशः: “बँकेतून रिटायर झालेल्या हौशी मंडळींनी असल्या विषयात पडून घबराट पसरवू नये.”

सालाचं आधी उरकतो. बातमी फुटली 3 जानेवारी 2018 ला, मी 2017 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. (गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधकांच्या चमूने चिप बनवणाऱ्या कंपन्यांना हे जून 2017 मध्येच कळवलं होतं आणि या त्रुटींना मिळालेले सीव्हीई क्रमांकही (सुरक्षात्रुटींच्या जागतिक यादीतले) 2017 चेच आहेत, तेव्हा मी साल काही हवेतून काढलं नव्हतं. पण असो, हा मुद्दा तुमचा.)

आता ते शेवटचं वाक्य. मतभेदाला माझी कधीच ना नसते. इथे नियमित येणाऱ्यांना ते ठाऊक आहे, माझ्यावर तुटून पडलेल्या प्रतिक्रियाही मी जशाच्या तशा ठेवतो. पण मुद्दा खोडायचा सोडून लिहिणाऱ्याचं पेन्शन काढायचं, ही कुठली पद्धत? लेखात मी काय सांगितलं होतं? ब्राउझर अपडेट ठेवा, बँकेचं काम करताना बाकीच्या टॅब बंद करा. फोन विहिरीत टाका असं कुठे म्हटलंय? यात घबराट कोणती, ते वाक्य दाखवून द्या.

आणि हौशी म्हणाल तर ऐका. मी एका सहकारी बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. खतावण्या हातानं लिहिल्या जात तेव्हापासून कोअर बँकिंग येईपर्यंतचं सगळं याच हातांनी केलंय. जानेवारी 2018 मध्ये आपण कुठे होता माहीत नाही, मी एका शाखेत काउंटरमागे वाकून विंडोज 7 चं मशीन तपासत होतो. मायक्रोसॉफ्टचा स्पेक्टरवरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) येऊन गेला होता, आणि आमच्या मशीनवर हिरवी खूण, ‘विंडोज अद्ययावत आहे’. एजन्सीचा मुलगा म्हणाला, “सर, ग्रीन आहे ना, मग झालं.” झालं नव्हतं. काही अँटिव्हायरसशी त्या पॅचचं जमत नव्हतं, मशीन बंद पडत होती, म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली होती की अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) क्वालिटीकॉम्पॅट नावाखाली एक नोंद केली तरच पॅच मिळेल. आमचा अँटिव्हायरस जुना, त्याचं नूतनीकरण खरेदी समितीत अडकलेलं. नोंद नाही, म्हणून पॅच नाही. पुढचे पॅचही नाहीत. आणि स्क्रीनवर हिरवी खूण!

याचा ब्राउझरशी संबंध काय, असं विचाराल. त्याच महिन्याच्या अपडेटमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 11 चं घड्याळ, म्हणजे वेबपानाला वेळ मोजायला मिळतं ते, 5 मायक्रोसेकंदांवरून 20 वर आणून मुद्दाम बोथट केलं होतं (का, ते खाली येतंय). ते अपडेट न मिळालेल्या मशीनवर एका टॅबमध्ये खातेदारांची माहिती आणि शेजारच्या टॅबमध्ये राशिभविष्य. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पुस्तकात वाचलेलं नाही. वरिष्ठांना लेखी कळवलं तर उत्तर आलं की घबराट पसरवू नये. शब्द अगदी तुमचेच, त्यामुळे आपण तेव्हा आमच्या हेड ऑफिसला तर नव्हता ना, अशी शंका मनात येऊन गेली.

वेटर आवडला नाही? ठीक, वेटरशिवाय सांगतो. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत क्रमांक लावलेल्या 16 घरांचा अ‍ॅरे घ्या. मागितलेला क्रमांक त्या घरांतला आहे का, हे कोड आधी तपासतो. पण अ‍ॅरेची लांबी मेमरीतून यायला वेळ लागतो आणि तोवर प्रोसेसर हात बांधून बसत नाही. आधी दरवेळी उत्तर ‘हो’ आलंय, म्हणून आताही ‘हो’ धरून तो पुढे पळतो. नेमका तेव्हा क्रमांक बाहेरचा दिला की अ‍ॅरेच्या पलीकडचा, आपला नसलेला एक बाइट वाचला जातो, आणि त्याच्या मूल्याप्रमाणे दुसऱ्या एका अ‍ॅरेतलं घर प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या झटपट मेमरीत, येऊन बसतं. अंदाज चुकला हे कळताच प्रोसेसर केलेलं सगळं रद्द करतो, फक्त कॅशमध्ये आलेलं तिथेच राहतं. आता दुसऱ्या अ‍ॅरेतली 256 घरं घड्याळ लावून एकेक वाचा. जे झटकन हाती आलं, त्याचा क्रमांक म्हणजे तो चोरलेला बाइट. मग पुढचा. घड्याळ बोथट का केलं ते आता लक्षात आलं असेल. फायरफॉक्सनेही 57.0.4 या आवृत्तीत तेच केलं आणि शेअर्डअ‍ॅरेबफर (एकच मेमरी अनेक कामांनी वाटून वापरायची सोय) बंद केला, कारण त्यातून दुसरं बारीक घड्याळ बनवता येतं. झालं समाधान? वाचकांनी मत द्यावं, वेटर बरा होता की हे.

‘नोंद नाही’ म्हणता. स्पेक्टर शोधणाऱ्यांनी त्यांच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांतच लिहिलं होतं की याचा गैरवापर झालाय का हे आम्हाला माहीत नाही, आणि संगणक आपणहून ठेवतो त्या नेहमीच्या नोंदींत (लॉगमध्ये) त्याचा मागमूस राहत नाही. ज्या चोरीत कुलूप तुटत नाही, कपाट हलत नाही, तिची नोंद आपण कुठल्या ठाण्यात शोधताय? गूगलने मार्च 2021 मध्ये स्वतःच्याच क्रोम 88 वर प्रात्यक्षिक ठेवलं, सेकंदाला सुमारे 1 किलोबाइट मेमरी बाहेर. तुमचा पासवर्ड किती अक्षरांचा आहे, त्याला किती वेळ लागेल, हिशेब करा. ऑक्टोबर 2023 मध्ये आयलीकेज हा स्पेक्टरच्याच जातीचा हल्ला जाहीर झाला. जॉर्जिया टेक, मिशिगन आणि जर्मनीतलं बोखुम इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सफारीतून जीमेलचा इनबॉक्स आणि पासवर्ड मॅनेजरने आपणहून भरलेला इन्स्टाग्रामचा पासवर्ड वाचून दाखवला, तेही बारीक घड्याळ नसताना. अ‍ॅपलला हे सप्टेंबर 2022 मध्येच कळवलेलं होतं. जाहीर झालं त्या दिवशी उपाय होता तो फक्त मॅकवर, डिबग मेन्यूत (प्रोग्रॅमरांसाठीच्या यादीत) दडवलेला आणि मुळात बंद ठेवलेला. आयफोनवर तेवढाही नव्हता, आणि आयफोनवरचा क्रोमसुद्धा आतून सफारीच्याच इंजिनावर चालतो.

चोऱ्या ऐकू येत नाहीत त्यालाही कारण आहे. मे 2018 मध्ये आलेल्या क्रोम 67 पासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस (स्वतःची मेमरी असलेला स्वतंत्र कप्पा) मिळाली, म्हणजे राशिभविष्याच्या टॅबला बँकेच्या टॅबची मेमरी शेजारी सापडतच नाही. त्यापायी 10 ते 13 टक्के जास्त रॅम जाते, असं गूगलनेच सांगितलं होतं. फायरफॉक्सला हेच जमवायला 2021 उजाडलं. एवढी माणसं एवढी वर्षं खपली म्हणून तुमचा रुपया शाबूत आहे, आणि तुम्ही तोच पुरावा म्हणून माझ्या तोंडावर फेकता!

ओटीपीवर लिहा म्हणता. लिहिलंय. उजवीकडे ‘बँकिंग’ म्हणून वर्गवारी आहे, उघडायची तसदी घ्या. लोक जास्त त्यातच फसतात हे मलाही कळतं, पण एका लेखात सगळ्या गावाची धुणी धुता येत नाहीत.

राहता राहिली आपली फुशारकी: “मी जुन्या स्वस्त फोनवर सगळे व्यवहार करतो, काही झालं नाही.” अँड्रॉइडवर हीच साइटवार प्रोसेस क्रोम 77 मध्ये, 2019 साली आली. पण तेव्हा ती किमान 2 जीबी रॅम असलेल्या फोनलाच मिळाली, आणि तिथेही ज्या साइटवर पासवर्ड टाकून लॉगिन करता तेवढ्यांपुरतीच. लेखात मला याच गोष्टीचा राग आला होता आणि तो परिच्छेद आपण बहुधा वगळून पुढे गेलात. ज्याला महागडा फोन परवडतो त्याला संरक्षण, आणि आमच्या बँकेचे जे खातेदार बाजारच्या दिवशी शंभर-दोनशे भरायला यायचे, त्यांच्या हातातल्या 1 जीबीवाल्या फोनला ते नाही. यावर कोणी बोलत नाही. मी बोललो तर घबराट.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ खाली रॅम दिसते, तेवढी बघून घ्या. 2 जीबीच्या आत निघाली तर मला जे काही सुनवायचं असेल ते पुढच्या वेळी लॅपटॉपवरून सुनवा.