लपण बांधावं असं, की साऱ्यांना दिसावं

रानातले जीव जवळून बघायचे तर आडोसा लागतो, हे तुम्हाला एव्हाना कुणीतरी सांगितलंच असेल. लपण म्हणतात त्याला. माणूस आत बसतो, बाहेरच्यांना तो कळत नाही, ते आपापल्या उद्योगाला लागतात आणि आतला गुपचूप बघत राहतो. इतका साधा मामला आहे. पण इतक्या साध्या मामल्यात तुमचं कर्तृत्व कुठे दिसणार? म्हणून हे चार शब्द.

स्वतःच्या जमिनीवर लपण कुणीही बांधेल. मजा सार्वजनिक जागेतच. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांची. सगळ्यांत तुम्ही आलात, म्हणजे ती तुमचीही. आणि बाकीचे सगळे आत्ता इथे हजर नाहीत, म्हणजे तूर्तास तुमचीच. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की परवानगीचा प्रश्न उरत नाही. अर्ज केलात तर जागा ज्यांच्या ताब्यात आहे ते लोक नसत्या चौकश्या करतात. केवढं बांधणार? विणीच्या हंगामात का? झाडाला खिळे ठोकणार का? आणि काढणार कधी? यातला शेवटचा प्रश्न तर निव्वळ खोडसाळपणा. लग्नाच्या मुहूर्तावर कुणी काडीमोडाची तारीख विचारतं का? तेव्हा अर्जाच्या भानगडीत पडू नका. कुणी हटकलंच तर ‘तात्पुरतं आहे हो’ म्हणा आणि पुढचा खिळा ठोका.

जुनी खोडं सांगतील की एका माणसाला मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि बसल्यावर डोकं टेकणार नाही एवढं उंच लपण पुरतं. ऊन पाठीशी असावं, वारा तोंडावर यावा, म्हणजे समोरचं जनावर उजेडात दिसतं आणि आपला वास त्याच्याकडे जात नाही. बरोबरच आहे. पण या लोकांनी घडीची खुर्ची, डब्यांची पिशवी, फोन चार्ज करायची बॅटरी आणि सोबतीला आलेले दोन मेव्हणे यांचा विचार केलेला दिसत नाही. तुम्ही ऐसपैस बांधा. दिशा-बिशा बघत बसू नका; गाडी जिथवर जाते तिथून कमीत कमी चालावं लागेल ती दिशा उत्तम.

पाणवठा असेल तर काठापासून लांब कशाला राहायचं? जनावरांची पायवाट जिथे पाण्यात उतरते, नेमकं तिथेच तोंडाशी ठाण मांडा. दुपारभर ती मागे झुडपात उभी राहतील, कान टवकारतील, दोन पावलं पुढे येतील आणि परत फिरतील. तहान लागली असेल तर येतील की अंधार पडल्यावर. तोवर तुम्ही घरी पोचलेले असता, आणि ‘आज काही हललंच नाही, जंगल संपलं आता’ असा निष्कर्षही तयार असतो.

कापडाचं बघू. पानाफुलांच्या छपाईचं घ्या, तेच शोभतं. हरणांना लाल-नारंगी रंग आपल्यासारखे वेगळे ओळखता येत नाहीत. उलट निळ्याकडचा आणि त्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अतिनील उजेड त्यांच्या डोळ्यांना जाणवतो. कित्येक पक्ष्यांचं तर त्याबाबतीत आपल्यापेक्षा फारच पुढे आहे. आणि कपडे झगझगीत दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी द्रव्यं घालतात, ती याच अतिनील उजेडात निळी चमकतात. तेव्हा कापड आणि अंगातला शर्ट दोन्ही चांगले पावडरीत भिजवून, घासून, स्वच्छ करून आणा. छपाईतलं प्रत्येक पान कसं उजळून निघेल! ताणून मात्र बांधू नका. सैल कापड वाऱ्यावर फडफडलं की निसर्गाच्या सान्निध्यात असल्यासारखं वाटतं.

खिडकी मोठी हवी. लेन्सपुरतं भोक ठेवून बाकी जाळी लावणारे लोक भित्रे असतात. मागची चेनही उघडीच टाका, हवा खेळती राहते. मागून उजेड आला की खिडकीत तुमचं डोकं काळ्या कागदातून कातरल्यासारखं उठून दिसतं. बाहेर फांदीवर बसलेल्या खंड्याला मग उगाच अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता संयमाबद्दल. पूर्वी लपण एकदम जवळ नेत नसत. आधी लांब उभं करायचे, पाखरांना सवय होऊ द्यायचे, मग रोज थोडं थोडं पुढे सरकवायचे. पाखरू बिचकलं तर पुन्हा मागे. आत जाताना दोघांनी जायचं आणि एकानं उघडपणे बाहेर पडून चालू लागायचं. पाखराला वाटतं, गेली बला. बऱ्याच जातींना ही लबाडी चालते, कावळ्यासारख्या बेरकी मंडळींपुढे तिचा भरवसा नाही. पण सुट्टी रविवारची एकच, सोमवारी फोटो टाकायचा आहे. तुम्ही भल्या पहाटे थेट चार हातांवर खांब रोवा. आणि ज्याला बाहेर पाठवाल तो पुन्हा कशाला येईल? तिघांनी मिळून आतच बसा, गप्पा तरी होतील.

घरटं सापडलं तर तुमचं नशीब फळफळलं. पाखरानं ते फार आडबाजूला बांधलेलं असतं; पुढे पानं, काटक्या, वेलींची जाळी. फोटोच्या दृष्टीनं हा अगदी गचाळपणा. कात्री न्या आणि समोरची सगळी पानं छाटा. पिल्लांवर आता थेट ऊन पडेल, म्हणजे प्रकाशयोजना झाली. ती चोची उघडून धापा टाकू लागली तर फोटोत भाव येतो. वरून घारीला, बाजूनं कावळ्यालाही आता मोकळं दिसतं. सार्वजनिक जागा आहे, त्यांनाही हक्क आहे.

आई चोचीत अळी घेऊन समोरच्या फांदीवर येईल. घरट्याकडे बघेल, तुमच्या खिडकीकडे बघेल. शेपटी हलवेल, त्या फांदीवरून या फांदीवर जाईल, चिक्‌चिक्‌ करत राहील, पण आत शिरणार नाही. बटण दाबून धरा! चोचीत लोंबती अळी, मागे मऊ हिरवं, डोळा अगदी लखलखीत, असा फोटो जन्मात एकदा मिळतो. बराच वेळ असा गेला तर ती अळी स्वतःच गिळून टाकण्याचा संभव असतो. तेव्हा कार्ड बदलून घ्या. खाली ओळ लिहायची ती ‘मातृत्व’.

टिटवीचं काम याहून सोपं. ती अंडी उघड्या जमिनीवरच घालते, त्यामुळे छाटायचं काही नाही. कडक उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि त्या ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे ती गार राहतात. हे दृश्य टिपायला तुम्ही ऐन दुपारी जवळ जाऊन बसा. ती लांबून ओरडत राहील आणि अंडी उन्हात पडून राहतील. भिजल्या पोटाचा फोटो मिळणार नाही म्हणून हिरमुसू नका. टिटवी फार आक्रस्ताळी असते, असं लिहून टाका.

एवढं सगळं वाचून काहींना जुन्या लोकांचे दाखले द्यायची हुक्की येईल. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या इंग्रज भावांनी १९०० च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून घेतला होता. कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात शिरायचं आणि कुरणात अवघडून उभं राहायचं. कुरणात बैल नवा नाही, म्हणून पाखरंही त्याला भीत नसत. आता विचार करा, भर कुरणात दिवसभर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं आपल्याकडे बैल म्हणून बघायचं! एवढा कमीपणा घ्यायचा तर छंद कशाला करायचा?

दुसरा दाखला एरिक हॉस्किंगचा. पक्ष्यांचे फोटो काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे रात्री जाताना घुबडानं झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. पंखांचा आवाज नाही, काही नाही. आणि हा माणूस त्यानंतरही पुढची कित्येक वर्षं पक्ष्यांचेच फोटो काढत राहिला. घुबडाला तुमचं लपण मान्य नसण्याची शक्यता असते, असा याचा अर्थ कुणी काढेल. तुम्ही काढू नका. तुम्ही चष्मा लावून जा.

बांधून झालं की मालकी प्रस्थापित करायला हवी. चेनीला कुलूप घाला, बाहेर स्वतःच्या नावाची पाटी लावा. जवळच झाडाखाली एखादा गुराखी बसलेला असेल. त्याच्याभोवती मैना चरत असतात, वेडे राघू त्याच्या म्हशींनी उठवलेले किडे टिपत असतात आणि सरडा त्याच्या काठीजवळ ऊन खात असतो. त्याला आधी तिथून हाकला. वन्यजीवांना त्रास होतो म्हणावं.

हंगाम संपला की कॅमेरा न्या, बाकी तसंच असू द्या. खांब कुजतात, कापडाच्या चिंध्या काट्यांवर अडकतात, नायलॉनची दोरी कुणा ना कुणा पाखराच्या घरट्यात किंवा पायात जाते. खिळे मात्र झाडात पक्के राहतात, झाड त्यांच्याभोवती वाढत जातं. आत गांधीलमाश्या पोळं करतील. म्हणजे अखेर लपणात वन्यजीव आले, आणि तुमचं काम यशस्वी झालं असं म्हणायला हरकत नाही.

फोटोसोबत जागेचा नकाशाही टाकायला विसरू नका. पुढच्याच रविवारी तुमच्या शेजारी दुसरं लपण उभं राहील, त्यानंतर तिसरं, आणि त्यातलं एखादं नेमकं तुमच्या खिडकीसमोर. हे मात्र खपवून घेऊ नका. सरकारी जागेवर बिनपरवाना बांधकाम म्हणजे काय चाललंय काय! आता अर्ज करायची वेळ आली. कडक शब्दांत लिहा, कायद्याचा हवाला द्या आणि त्यांच्या लपणाचा फोटो जोडा. तुमच्या खिडकीतून तो फार स्वच्छ येतो.