दोषी ठरलेली परिचारिका आणि एका मताचे बहुमत

ऑक्टोबर १९७३ मध्ये नॉर्वेत ट्रिग्वे ब्रात्तेली यांचे मजूर पक्षाचे सरकार आले. नाझी राजवटीत ज्या कैद्यांचा ठावठिकाणा त्यांच्या घरच्यांनाही कळू द्यायचा नाही असा हुकूम होता, त्या कैद्यांपैकी ब्रात्तेली एक होते. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि जर्मन छळछावण्यांतून ते जिवंत परतले, हेच नवल. त्यांच्या सरकारला स्वतःचे बहुमत नव्हते. स्टोर्टिंग या संसदेच्या १५५ जागांपैकी मजूर पक्षाकडे ६२ होत्या आणि त्याच्या डावीकडच्या समाजवादी निवडणूक आघाडीकडे १६. बेरीज ७८ होत होती आणि विरोधात ७७ जण होते. त्या सोळांमध्ये नॉर्डलँड प्रांतातून निवडून आलेली सत्तेचाळीस वर्षांची एक शिक्षिका होती, हान्ना क्वान्मो. युद्धकाळात जर्मन रेडक्रॉसची परिचारिका म्हणून सोव्हिएत संघाविरुद्धच्या पूर्व आघाडीवर काम केल्याबद्दल तिला स्वतःच्या देशाच्या न्यायालयाने देशद्रोहासाठी दोषी ठरवले होते.

छळछावणीतून आलेला पंतप्रधान आणि जर्मन जखमींची शुश्रूषा केलेली ही बाई, या दोघांच्या गटांची मते मिळून एक बहुमत उभे होते. हे गणित माझ्या डोक्यातून अनेक दिवस जात नाही, म्हणून हा मजकूर लिहितो आहे.

हान्नाचा जन्म १४ जून १९२६ चा, उत्तर नॉर्वेतल्या हार्स्टाडजवळचा, आणि बालपण हलाखीतले. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा देशात उतरल्या तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते, आणि मे १९४५ मध्ये त्या शरण आल्या तेव्हा एकोणीस पूर्ण व्हायला महिनाभराहून थोडा अधिक काळ बाकी होता. म्हणजे जो गुन्हा पुढे आयुष्यभर तिच्या नावाला चिकटून राहिला, तो सगळाच्या सगळा या दोन तारखांच्या मध्ये घडलेला आहे. शिक्षा झाली ती आठ महिने तुरुंगवासाची आणि दहा वर्षे नागरी हक्क गमावण्याची.

नॉर्वेजियन भाषेत या गुन्ह्याला ‘लान्सविक’ म्हणतात. ‘देशाशी केलेला दगा’ हे त्याचे जवळचे मराठी रूप. आपल्याकडे देशद्रोही हा शब्द वादात सर्रास फेकून मारला जातो, तर तिथे युद्धानंतर तो शब्द हजारो लोकांच्या बाबतीत न्यायालयात तपासला गेला, पुराव्यानिशी लावला गेला आणि त्याची मुदतही ठरवून दिली गेली. पंचवीस नॉर्वेजियन नागरिकांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला गेला, जर्मनांच्या हाताखाली देशाचे सरकार चालवणारा क्विसलिंग त्यांतलाच. बाकीच्यांचे तुरुंगवास, दंड, हक्कहानी. रेडक्रॉस तटस्थ असते, जखमेला मलमपट्टी करणे हा गुन्हा कसा, असा बचाव परिचारिकांच्या बाजूने केला जाई, पण न्यायालयांच्या दृष्टीने जर्मन रेडक्रॉस हा शत्रुसैन्याच्याच व्यवस्थेचा भाग होता. मला हा निकाल वयाच्या मानाने कठोर वाटतो, निराधार मात्र वाटत नाही. ज्या युद्धात ती मुलगी पूर्वेकडे शुश्रूषा करत होती, त्याच युद्धात तिच्याच देशातून सातशेहून अधिक ज्यू माणसे बोटींत भरून छावण्यांकडे रवाना झाली होती आणि त्यांतली मोजकीच परतली. पकडून आणलेल्या हजारो सोव्हिएत युद्धकैद्यांनी तर तिच्या भावी मतदारसंघात, नॉर्डलँडमध्ये, रस्ते आणि रेल्वेमार्ग खोदता खोदता प्राण सोडले. तिला यातले किती ठाऊक होते हा प्रश्न वेगळा, पण हे बाजूला सारून तिची कहाणी सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

पुढची वर्षे संसाराची आणि उशिरा पूर्ण केलेल्या शिक्षणाची. पोलाद कारखान्याचे गाव असलेल्या मो-इ-राना भागात त्या शिक्षिका झाल्या आणि (इथून पुढे मला त्यांना ‘हान्नाबाई’ म्हणावेसे वाटते) समाजवादी राजकारणात आल्या. सप्टेंबर १९७२ मध्ये युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) सामील व्हायला नॉर्वेच्या ५३.५ टक्के मतदारांनी नकार दिला होता आणि त्या लाटेवरच ही आघाडी वर आली. तिच्यात समाजवादी लोकपक्षाबरोबर कम्युनिस्टही होते, ज्यांच्या कित्येक साथीदारांना जर्मनांनी गोळ्या घातल्या होत्या. अशा आघाडीने शिक्षा भोगलेल्या बाईंना उमेदवारी द्यावी आणि युद्धाच्या जखमा अंगावर असलेल्या नॉर्डलँडच्या मतदारांनी त्यांना निवडून द्यावे, याला मी क्षमा म्हणणार नाही. क्षमा ही मनातली गोष्ट आहे आणि तिथल्या प्रत्येक घराने ती केली असेल, असे मानण्याचे कारण नाही. त्या समाजाने केले ते अधिक साधे आणि माझ्या मते अधिक अवघड काम. शिक्षा दहा वर्षांची दिली होती, ती संपली, आणि संपली म्हणजे संपली असे धरून चालायचे ठरवले.

१९७७ मध्ये लाट ओसरली. आघाडीचा आता समाजवादी डावा पक्ष झाला होता आणि त्याचे सोळाचे दोन सदस्य उरले: स्टाइन ओर्नहॉइ आणि हान्ना क्वान्मो. मते ४.२ टक्के, म्हणजे प्रमाणात पाहिले तर सहा-सात जागा मिळायला हव्या होत्या, पण जागा प्रांतवार वाटल्या जात आणि लहान पक्षांची तूट भरून काढणाऱ्या समतोल जागा तेव्हा अस्तित्वात नव्हत्या. तरीही मजूर पक्षाचे ७६ आणि हे दोघे मिळून पुन्हा ७८ झाले आणि ओदवार नोर्दली यांचे सरकार तगले. हान्नाबाई संसदीय गटनेत्या झाल्या, तेही दोघांच्या गटाच्या! या हुद्द्यातला विनोद कोणालाही दिसेल. मात्र ज्या सभागृहात एकेका मतावर सरकार उभे आहे तिथे दोन जण फार मोठे असतात, आणि वाद घालताना शब्द न चावणारी ही उत्तरेकडची बाई देशभर ओळखीची झाली. पुढे जागा चार झाल्या, मग सहा. १९८९ मध्ये त्यांनी संसद सोडली, त्याच निवडणुकीत पक्षाने सतरा जागा जिंकल्या.

दुसऱ्या वर्षी त्यांचे आत्मकथन आले. त्याचे नाव ‘डोमेन’, म्हणजे ‘निकाल’. सोळा वर्षे लोकप्रतिनिधी राहिलेल्या बाईने आपल्या आयुष्याला त्या एका शब्दाचे नाव द्यावे, यातच बरेच काही आले.

१९९१ पासून २००२ पर्यंत त्या शांततेचे नोबेल देणाऱ्या पाच जणांच्या समितीत होत्या. मंडेला आणि डी क्लर्क यांची निवड याच काळातली, आणि १९९४ ची पॅलेस्टिनी नेते अराफत आणि इस्रायलचे पेरेस, राबिन यांचीही. त्या निवडीवर समितीचेच एक सदस्य, कोरे क्रिस्टियान्सन, अराफत यांच्या नावाला विरोध म्हणून बाहेर पडले. एप्रिल २००२ मध्ये, पॅलेस्टिनी भागात इस्रायलची लष्करी कारवाई चालू होती आणि पेरेस हे इस्रायलचे पंतप्रधान शारोन यांच्या सरकारात परराष्ट्रमंत्री होते, तेव्हा हान्नाबाई जाहीरपणे म्हणाल्या की पेरेस यांना दिलेला पुरस्कार परत घेता येत असता तर बरे झाले असते. इथे मी अडखळतो. एकदा दिलेला निर्णय पुन्हा उघडू नये, या तत्त्वाचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना मिळाला, त्यांनीच तो उघडण्याची इच्छा धरावी? दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्यांची स्वतःची चूक पंचावन्न-साठ वर्षांपूर्वीची आणि शिक्षा भोगून झालेली होती, तर पेरेस त्या घडीला सत्तेत होते आणि त्यांची कृती चालू होती. मी या दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण पूर्ण नाही.

२३ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले. चार महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला, त्यांचा पक्ष पहिल्यांदा सरकारात सामील झाला आणि क्रिस्टीन हाल्व्हॉर्सन नॉर्वेच्या अर्थमंत्री झाल्या.