दार फोडलेलं नाही म्हणजे चोर घरातलाच? साफ चुकीचं आहे हे

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चोर लॉक उघडत बसत नाहीत, ते तोडतात. लॅच लागलं की दार बंद, त्यावर सेफ्टी डोअर असेल तर बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही. चावी फक्त घरच्यांकडे असते. डिजिटल लॉक असेल तर विषयच संपला. म्हणून कडीकोयंडा न तुटता चोरी झाली तर चोर शंभर टक्के घरातला, म्हणजे कामवाली, ड्रायव्हर नाहीतर स्वयंपाकाच्या मावशी, आणि पोलिसांत जायच्या आधी त्यांना बसवून विचारा, लगेच कबूल करतात. खाली "जास्तीत जास्त लोकांना पाठवा".

मी परळला हार्डवेअरच्या दुकानात बसतो, लॅच, कड्या, बिजागऱ्या, सिलेंडर (लॉकमधला चावी घालायचा भाग) हेच रोजचं काम आहे, आणि हा मेसेज वाचून मला खरंच राग आला, कारण यातलं एकेक वाक्य चूक आहेच पण शेवटच्या वाक्याने कुणाचीतरी रोजीरोटी जाते, नाव खराब होतं आणि ज्या दारातून चोर आला ते दार तसंच राहतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"चोर लॉक उघडत नाहीत, तोडतात."

तोडतात, बरेच तोडतात, कटावणी घालून कोयंडा उचकटणं हा प्रकार मुंबईत होतोच. पण म्हणून न तोडता कोणी येत नाही असं कसं होईल? १८६० च्या भारतीय दंड संहितेत ४४५ वं कलम होतं, घरफोडी म्हणजे काय ते सांगणारं, आता तेच भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात आहे. त्यात कुलूप उघडून आत शिरणं हीसुद्धा घरफोडीच धरली आहे, काही तुटलंच पाहिजे अशी अट नाही. त्यातली उदाहरणं तर मुद्दाम वाचा. एकात दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलून माणूस आत शिरतो. दुसऱ्यात मालकाची हरवलेली चावी सापडते आणि तिनेच दार उघडून तो आत जातो. दोन्ही घरफोडी. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना जे माहीत होतं ते आपल्या ग्रुपवर आज कोणाला पटत नाही.

आणि कुलूप उघडण्याची कला काही नवी नाही. लंडनमध्ये ब्रामा कंपनीने आपलं कुलूप दुकानाच्या काचेत लावून ठेवलं होतं, उघडून दाखवा आणि २०० गिनी (तेव्हाचं इंग्रजी चलन) घेऊन जा म्हणून, आणि अनेक दशकं ते कोणाला जमलं नव्हतं. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं, ५० तासांच्या वर मेहनत घेऊन. त्याच वर्षी त्याने चब कंपनीचं डिटेक्टर लॉक मात्र अर्ध्या तासाच्या आत न तोडता उघडलं आणि परत लावूनही दाखवलं. आता चोर काही ५० तास बसणार नाही हे खरं, पण आपल्या दारावरची लॅचही ब्रामाच्या तोडीची नसते. साध्या पिनच्या कुलपावर खास घासलेली चावी घालून ठोकायची रीत, म्हणजे बंपिंग, तर २००५-०६ च्या सुमाराला हॉलंडमधल्या हौशी लोकांनी जाहीर करून दाखवली आणि त्यानंतर काही कंपन्यांनी अशा ठोकण्याला दाद न देणारे सिलेंडर बाजारात आणले. लॉक घेताना दुकानदाराला हे विचारा, अँटी पिक आहे का, म्हणजे अवजाराने सहज न उघडणारं, आणि अँटी बंप आहे का, म्हणजे ठोकून सहज न उघडणारं. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा, मुंबईत लोहार चाळीत आणि नागदेवीला दुकानांची कमी नाही.

"लॅच लागलं की दार बंद."

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण मुंबईतली अर्धी दारं इथेच हरतात, आणि याला उपायही जवळपास फुकट आहे.

नाईट लॅचची जीभ स्प्रिंगवर असते. दार ओढलं की खट करून बसते, आपण समाधानाने लिफ्टकडे जातो. पण ती तिरकी जीभ जशी चौकटीवर आपटून मागे जाते तशीच ती फटीतून सरकवलेल्या एखाद्या पातळ कडक पट्टीनेही मागे जाऊ शकते, दार उघडतं, परत ओढलं की लागतं, आणि दारावर काही म्हणजे काही खूण राहत नाही. बाहेरून चावी फिरवून डबल लॉक केलं की जीभ अडकते, मग स्प्रिंग दाबून काही होत नाही. म्हणजे फरक काय तर चावीचा एक फेरा, आणि तो आपण आळस करून देत नाही. खाली भाजी आणायला जायचंय, पाच मिनिटांत येतो, असं म्हणून ओढून जातो.

आता यात आपला पाऊस येतो. जून-जुलैमध्ये लाकडी दार फुगतं, लागेनासं होतं, मग सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घेतो किंवा चौकटीतली पट्टी, जिच्या खाचेत जीभ बसते ती, कानसून खाच मोठी करून घेतो, दार मस्त लागायला लागतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच दार आक्रसतं आणि चौकटीत फट पडते, जीभ पट्टीत जेमतेम टोकाला अडकलेली असते. दार आतून हलवून बघा, खडखडतंय का? खडखडत असेल तर पट्टी पुढे घेऊन परत बसवा. आणि तिचे स्क्रू काढून बघा एकदा, बहुतेक वेळा अर्ध्या इंचाचे असतात, नुसत्या चौकटीच्या वरच्या पापुद्र्यात. तीन इंची स्क्रू मारले तर ते लाकडाच्या पार मागे भिंतीपर्यंत पकड घेतात. खर्च चहाच्या बिलाएवढा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. घरात आई-बाबा असतील, मुलं असतील तर बाहेरून डबल लॉक करून जाऊ नका, जोपर्यंत तुमच्या लॉकला आतून चावीशिवाय उघडायची सोय नाही तोपर्यंत. काही लॅच बाहेरून डबल लॉक केल्या की आतली मूठ फिरत नाही. आग लागली, धूर भरला तर माणूस आत अडकतो. अशा घरांसाठी आतून नॉबने उघडणारं डेडबोल्ट (स्प्रिंग नसलेल्या जिभेचं लॉक) मिळतं, तेच घ्या.

"सेफ्टी डोअर असेल तर बाहेरचा येऊच शकत नाही."

सेफ्टी डोअर चांगलं, मी स्वतः विकतो. पण बघा, ते बाहेर पॅसेजमध्ये उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बाहेर. पिन साधी असेल तर ती वर ठोकून काढता येते. वेल्डिंग करून घ्या नाहीतर न निघणाऱ्या पिनच्या बिजागऱ्या लावा. दुसरं, जाळी मोठी असेल आणि कडी जाळीच्या बाजूलाच असेल तर तारेने ती सरकवणं अवघड नाही, कायद्यातल्या उदाहरणासारखंच. कडीच्या मागे पत्र्याचा तुकडा मारून घ्या. आणि बाहेरचं दार भक्कम आहे म्हणून आतल्या दाराला हलकी लॅच लावायची, हे तर अजिबात नको. आय होल ढिला झाला असेल तर तोही बघा, काही बाहेरून फिरवून निघतात.

"चावी फक्त घरच्यांकडे असते."

खरंच? नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालं तेव्हा बिल्डरने दिलेल्या चाव्यांचा जुडगा त्याआधी साईट सुपरवायझर, रंगारी, टाईल्सवाले, सगळ्यांच्या हातातून गेलेला असतो. नंतर इंटिरिअरवाल्याकडे महिना-दोन महिने एक चावी असते. भाड्याच्या घरात तर विचारूच नका, ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट, दर वेळी नवीन भाडेकरू, ब्रोकरकडे एक सेट, मालकाच्या भाच्याकडे एक, आणि लॉक तेच. त्यात आपण गावाला जाताना चावी मीटर बॉक्समध्ये, चपलांच्या रॅकमध्ये, कुंडीखाली ठेवतो. स्टेशनबाहेर चावीवाला बसलेला असतो, त्याच्याकडे साध्या चावीची डुप्लिकेट बघता बघता होते, कोणाची चावी म्हणून तो काही विचारत नाही.

त्याहून पुढची गोष्ट सांगतो. २००८ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नुसत्या फोटोवरून चावी बनवून दाखवली, आणि एक फोटो तर १९५ फुटांवरून, म्हणजे साधारण ६० मीटरवरून घेतलेला होता. चावीचे दात म्हणजे शेवटी कमी-जास्त खोल खाचांची ठरावीक रांग, ती दिसली की पुरे. आता आठवा, नवीन घर झालं की आपण काय करतो, हातात चावी धरून फोटो आणि तो स्टेटसला. प्लीज असं करू नका. काही चाव्यांवर नंबर कोरलेला असतो त्याचाही फोटो नको, आणि लॉकसोबत कार्ड आलं असेल तर ते जपून ठेवा, चांगल्या कंपन्या त्या कार्डाशिवाय चावी बनवून देत नाहीत.

नवीन घरात गेलात, भाडेकरू बदलला, चावी हरवली, इंटिरिअर संपलं, या चारही वेळी सिलेंडर बदला. अख्खं लॉक बदलायची गरज बहुतेक वेळा नसते, नुसता सिलेंडर मिळतो आणि सुतार अर्ध्या तासात बसवतो.

"डिजिटल लॉक असेल तर विषयच संपला."

नाही संपत. बहुतेक डिजिटल लॉकना आणीबाणीसाठी एक साध्या चावीची जागा असते, झाकणाखाली, आणि ते सिलेंडर हलकं असेल तर सगळा इलेक्ट्रॉनिक थाट त्या एका भोकाएवढाच मजबूत. कंपनीचा मूळ पिन, म्हणजे उघडायचा नंबर, न बदललेली लॉक मी बघितलेली आहेत. पण डिजिटल लॉकचा एक फायदा मला मनापासून आवडतो. प्रत्येकाला वेगळा पिन देता येतो, आणि बऱ्याच लॉकमध्ये कुठला पिन कधी वापरला याची नोंद राहते. म्हणजे सकाळी दहाला मावशी येऊन गेल्या आणि दुपारी तीनला भलत्याच पिनने किंवा चावीने दार उघडलं असेल तर ते दिसतं. निर्दोष माणसाच्या बाजूने बोलणारी एवढी चांगली गोष्ट दुसरी नाही.

"दार शाबूत आहे, म्हणजे घरातला. आधी बसवून विचारा."

आमच्या एका गिऱ्हाइकाकडे सोनं गेलं होतं, दार जसंच्या तसं. स्वयंपाकाच्या बाईला त्याच दिवशी काढलं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट, मग बाकीच्या घरांनीही काढलं. बऱ्याच महिन्यांनी दार बदलायला आमचा सुतार गेला तर लॅचची जीभ पट्टीत धड पोचतच नव्हती, पोस्टकार्डाने उघडावं असं दार. चोरी कोणी केली ते कधीच कळलं नाही. पण त्या बाईची चार घरं गेली ती गेली.

कोणाला खोलीत बसवून ठेवणं, बाहेर जाऊ न देणं हा स्वतःच गुन्हा आहे, न्याय संहितेचं १२७ वं कलम. घराची झडती घ्यायचा अधिकार सोसायटीच्या कमिटीला नाही. संशय असेल तर तो पोलिसांना सांगा, ते सगळ्यांचे जबाब घेतील, घरच्यांचेही.

आणि आधी स्वतःचं नुकसान वाचवा, कारण न तोडता झालेल्या चोरीत इन्शुरन्स अडतो. २००४ साली सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात सांगितलं की पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची अट असेल तर तशी बळजबरी झाल्याशिवाय क्लेम बसत नाही. म्हणून तुमच्या पॉलिसीत "घरफोडी" सोबत साधी चोरीही आहे का ते आजच वाचा, एजंटला लेखी विचारा.

चोरी झाल्याचं लक्षात आलं तर लॉकमध्ये परत परत चावी घालून बघू नका, चावीवाल्याला बोलावून लॉक खोलू नका. अवजाराने उघडलेल्या लॉकच्या आत, पिनांवर, बारीक ओरखडे राहू शकतात, बाहेरून काही दिसत नसलं तरी. ११२ ला फोन करा, पंचनाम्यात लॉकचा उल्लेख करून घ्या, ते तपासणीसाठी ताब्यात घ्या अशी लेखी विनंती करा. लॉबीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी सेक्रेटरीकडून कॉपी करून घ्या, डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनमध्ये) जुनं पुसलं जाऊन त्यावर नवीन चढत असतं आणि आठवडाभराने मागायला गेलात तर कदाचित मिळणारही नाही.