पहिली शंका कोणी कोणाला कळवायची?

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात कावळे मरून पडत होते. ऑगस्टच्या अखेरीस त्याच शहरातल्या क्वीन्स भागातल्या एका रुग्णालयातून डॉ. डेबोरा अ‍ॅस्निस यांनी आरोग्य खात्याला फोन केला. मेंदूज्वराचे दोन रुग्ण दाखल होते आणि दोघांचीही लक्षणं त्यांना नेहमीसारखी वाटत नव्हती. खातं लगेच कामाला लागलं. आणखी रुग्ण सापडले, नमुने अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेकडे, म्हणजे सीडीसीकडे गेले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला निदान जाहीर झालं: सेंट लुईस एन्सेफलायटिस. डासांमुळे होणारा, तिथल्या डॉक्टरांना माहीत असलेला आजार.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात, ट्रेसी मॅकनमारा नावाच्या पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट मेलेल्या पक्ष्यांची शवविच्छेदनं करत होत्या. कावळे मरत होतेच, आता संग्रहालयातले फ्लेमिंगोही मरायला लागले होते. पक्ष्यांच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव दिसत होता. त्यांना एक गोष्ट पटेना. सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी असे पटापट मरत नाहीत. दुसरा एक संशयित आजार होता, पण त्यात इमू पक्षी आधी मरायला हवे होते आणि संग्रहालयातले इमू ठणठणीत होते. म्हणजे माणसांचं जे निदान जाहीर झालं होतं, ते पक्ष्यांना लागू पडत नव्हतं. त्यांनी सीडीसीला हे सांगून पाहिलं. पण सीडीसीचं काम माणसांचं. पक्ष्यांचे नमुने कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत गेले, तिथून लष्कराच्या प्रयोगशाळेत. सप्टेंबर संपता संपता कळलं की हा वेस्ट नाईल विषाणू आहे. पश्चिम गोलार्धात तो तोवर कधीच सापडला नव्हता. त्या वर्षी ६२ जणांना गंभीर आजार झाला, ७ जण दगावले.

दोन्ही आजार डासांचेच, त्यामुळे चुकीच्या निदानावर केलेली फवारणीही कामी आली. हे निव्वळ नशीब.

ही गोष्ट मी इतक्या तपशिलात सांगतोय, कारण त्यात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. डॉक्टरांनी फोन केला, शहराने तपास केला, प्रयोगशाळेने चाचणी केली. त्या चाचणीत वेस्ट नाईलची अँटिबॉडी आणि सेंट लुईसची अँटिबॉडी एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून फसगत झाली. पक्षी बघणारी व्यक्ती तर अचूक होती. अडलं ते एकाच ठिकाणी: पक्ष्यांबद्दलची शंका माणसांच्या निदानापर्यंत पोचवायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

साथ लवकर ओळखण्याबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की ते नव्या प्रयोगशाळा, नवी यंत्रं, नवं पोर्टल यांच्याकडे वळतं. ते सगळं हवंच. पण माझं ठाम मत असं आहे की धोका हातातून निसटतो तो खात्यांच्या सीमेवर, आणि त्या सीमेची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी टाकल्याशिवाय यंत्रांचा उपयोग अर्धाच होतो.

यंत्रांचंच उदाहरण घ्या. अमेरिकेने २००३ मध्ये बायोवॉच नावाची योजना सुरू केली. तीसहून जास्त शहरांत हवा ओढणारी यंत्रं बसवली. त्यांतले फिल्टर रोज काढायचे, प्रयोगशाळेत नेऊन तपासायचे आणि अँथ्रॅक्ससारखे जंतू हवेत सोडले गेलेत का ते बघायचं. २००३ ते २०१४ या काळात या यंत्रणेने १४९ वेळा इशारा दिला आणि त्यांतला एकही हल्ला नव्हता. मातीत, निसर्गात आधीपासूनच असलेले जवळच्या जातीचे जंतू तिने पकडले होते. आता त्या क्षणाचा विचार करा. प्रयोगशाळेने सांगितलंय, फिल्टरवर काहीतरी आहे. पुढे काय? यंत्रं गृहसुरक्षा खात्याची, चाचणी सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत, हल्ला असेल तर तपास एफबीआयचा, आणि लोकांना औषध वाटायचं की नाही हे ठरवायचं त्या शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याने. यंत्राने फक्त प्रश्न टेबलावर आणून ठेवला. टेबलाभोवती कोण बसणार आणि शेवटी सही कोण करणार, हे यंत्र सांगत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत आहे. जनावरांचे रोगही राज्य सूचीतच. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं समवर्ती सूचीत. बंदरांवरचं क्वारंटाइन केंद्राकडे. केंद्रात माणसांच्या साथींवर लक्ष ठेवणारं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आरोग्य खात्यात, पुण्याची एनआयव्ही ही विषाणू संस्था वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, म्हणजे आयसीएमआरकडे, जनावरांच्या घातक रोगांची भोपाळची प्रयोगशाळा कृषी संशोधन परिषदेकडे, पशुसंवर्धनाचं मंत्रालय वेगळं, वन्यप्राणी पर्यावरण मंत्रालयात. नैसर्गिक साथ असेल तर मुख्य जबाबदारी आरोग्य मंत्रालयाची आणि जैविक दहशतवाद असेल तर गृहमंत्रालयाची.

ही शेवटची विभागणी कागदावर अगदी स्वच्छ दिसते. अडचण अशी की पहिल्या दिवशी रुग्ण फक्त आजारी असतो. साथ नैसर्गिक आहे की कोणी मुद्दाम पसरवली आहे, हे त्याच्या तापावरून कळत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात द डॅल्स या गावी ७५१ जणांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची बाधा झाली. आरोग्य तपासणीचा निष्कर्ष होता की हॉटेलांत अन्न हाताळणाऱ्यांची स्वच्छता कमी पडली. खरं काय ते पुढच्या वर्षी पोलीस रजनीशपुरमच्या आश्रमात शिरले तेव्हा बाहेर आलं. आश्रमाच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. स्थानिक निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून आश्रमातल्या काहींनी हॉटेलांच्या सॅलडमध्ये तो मिसळला होता. आरोग्य खातं आणि पोलीस पहिल्याच आठवड्यात एका खोलीत बसले असते तर एक वर्ष गेलं नसतं, असं मला वाटतं. आपल्याकडे हे दोघे तालुक्याच्या पातळीवर रोगाच्या विषयावर एकत्र कधी बसतात?

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही कमी नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला. त्याआधी उंदीर मरत होते, घराघरांत पिसवांचा त्रास वाढला होता. जुन्या माणसांना उंदीर पडायला लागले की काय करायचं हे माहीत होतं, गावंच्या गावं रानात जाऊन राहायची. पण १९६६ नंतर देशात प्लेगच्या रुग्णाची नोंद नव्हती आणि उंदरांकडे लक्ष ठेवणारी व्यवस्था ढिली पडली होती. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली.

२००६ मध्ये नवापूरला कोंबड्या मरत होत्या, तेव्हा सुरुवातीला तो कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचाच प्रकार वाटत होता. १८ फेब्रुवारीला भोपाळहून उत्तर आलं: बर्ड फ्लू, देशातला पहिलाच. मानमोडी वाटणं समजण्यासारखं आहे, कारण तो आजार नेहमीचा. पण पोल्ट्रीवाल्याने पहिली शंका घेऊन फोन करावा, असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्याकडून काय मागतो? त्या फोननंतर त्याचा सगळा माल मारला जाणार, आसपासच्या शेडवाल्यांचाही. २००९ च्या कायद्याने मालकावर जनावरांचा संसर्गजन्य रोग कळवण्याचं बंधन आहे. भरपाई वेळेवर हातात पडली तरच हे बंधन माणूस पाळेल. कळवणाऱ्याचं नुकसान होणार असेल तर कितीही पोर्टलं काढा, पहिली खबर उशिराच येणार.

शेजारधर्म म्हणून मलेशियाचंही सांगतो. १९९८ च्या अखेरीस तिथे डुक्करपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. आरोग्य खात्याला तो जपानी मेंदूज्वर वाटला, म्हणून डासांवर फवारणी आणि लसीकरण सुरू झालं. पण आजारी पडत होते ते डुकरांना हात लावणारे मोठे पुरुष, लस घेतलेलेही. आणि डुकरं स्वतः जोरजोरात खोकत होती. जपानी मेंदूज्वरात असं होत नाही. तोवर एका भागातली डुकरं विकून दुसऱ्या भागात गेली आणि आजार सोबत गेला. मार्च १९९९ मध्ये निपाह विषाणू सापडला, आणि साथ आटोक्यात येईपर्यंत शंभराच्या वर माणसं गेली. न्यूयॉर्कचं नशीब इथे नव्हतं, कारण डास मारून निपाह थांबत नाही.

आणि बरोब्बर उलट उदाहरण: २०१८, केरळातलं कोझिकोड. एकाच घरातला दुसरा माणूस मेंदूज्वराने आला, तेव्हाच डॉक्टरांनी निपाहची शंका घेतली. नमुना मणिपालच्या प्रयोगशाळेत गेला, पुण्याच्या एनआयव्हीने शिक्कामोर्तब केलं. १७ माणसं गेली, ते दुःख आहेच. पण दुसऱ्याच रुग्णाला शंका घेणं ही जगात कुठेही मान उंचावून सांगावी अशी गोष्ट आहे. तिथे डॉक्टरची शंका वर जाताना कुठे थांबली नाही, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता एक मेलेलं माकड डोळ्यांसमोर आणा. ठिकाण दोडामार्ग तालुका, काजूची बाग. २०१६ पासून सिंधुदुर्गात माकडताप आहे. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, तोही माकडं मरायला लागली म्हणून. गोचिडीतून तो माणसाला होतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, म्हणजे ते माकड पडलेली जागाच धोक्याची होते. बागेत काम करणाऱ्या बाईने ते पाहिलं. माकड वन्यप्राणी, म्हणून वनरक्षकाला कळवायचं. शवविच्छेदन पशुधन विकास अधिकाऱ्याने करायचं, तेही पूर्ण संरक्षक कपडे घालून, आणि उन्हात शव कुजायच्या आत. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे. जागेवर कीटकनाशक मारायचं, गावात तापाचे रुग्ण शोधायचे, लोकांना अंगाला लावायचं तेल द्यायचं, हे आरोग्य खात्याचं. तीन खाती, तीन गाड्या, तीन साहेब. त्यांतल्या एकाची गाडी बंद असली की बाकी दोघांचं काम अडतं. आणि ती बाई दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली काजू वेचायला जाते.

माझ्या ओळखीतल्या एका पशुवैद्यकांनी मला एकदा सांगितलं, नमुना पाठवला की आमचं काम संपतं, माणसांत पुढे काय निघालं ते आम्ही पेपरात वाचतो. हे वाक्य मला फार खटकलं. ज्याने खबर दिली त्याला उत्तरच मिळालं नाही, तर पुढच्या वेळी त्याचा हात फोनकडे जरा कमी वेगाने जाणार. हा मनुष्यस्वभाव आहे.

माणसांच्या साथींची नोंद २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात होते. आरोग्यसेविकेचा लक्षणांचा फॉर्म, डॉक्टरचा संशयित रुग्णांचा, प्रयोगशाळेचा पक्क्या निदानाचा, आणि आता हे सगळं ऑनलाइन. हे काम खरोखर मोठं आहे आणि गावोगाव ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण जनावरांच्या रोगांची नोंद वेगळ्या यंत्रणेत आणि जंगलातल्या मृत्यूंची तिसऱ्याच कागदावर. नागपूरला माणूस, जनावर आणि पर्यावरण एकत्र बघणारी राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्था उभी राहतेय, डिसेंबर २०२२ मध्ये तिची पायाभरणी झाली. मला तिच्याकडून खूप अपेक्षा आहेत. फक्त ती आणखी एक स्वतंत्र खातं होऊ नये. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा करून सगळ्यांची माहिती एकत्र करणारं केंद्र काढलं आणि इतर खाती त्याला आपली माहिती द्यायला कचरत राहिली, हे तिथल्याच सरकारी लेखापरीक्षणात नोंदलेलं आहे. माहिती ही खात्यांना स्वतःची मालमत्ता वाटते. मागितल्याशिवाय ती देत नाहीत, आणि काय मागायचं हे समोरच्याला माहीत नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती जिल्ह्यापासून सुरू होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली एक माणूस नेमा, नावाने, हुद्द्याने नव्हे. माणसांत, जनावरांत किंवा जंगलात कुठेही अनपेक्षित आजार किंवा मृत्यू दिसला की त्याला कळवायचं, आणि त्याने त्याच दिवशी उरलेल्या खात्यांना कळवायचं. निदान पक्कं व्हायची वाट बघायची नाही, शंकाच कळवायची. शंका खोटी निघाली म्हणून कोणालाही नोटीस जाऊ नये, कारण दहा खोट्या शंकांची किंमत एका दडलेल्या खऱ्या शंकेपेक्षा नेहमीच कमी असते. खासगी डॉक्टरांनाही तोच नंबर द्या, बहुतेक रुग्ण आधी त्यांच्याकडेच जातात. आणि खबर देणाऱ्याला, मग तो वनरक्षक असो की पोल्ट्रीवाला, काय निघालं ते लेखी कळवा.

आज आपल्या राज्यात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, जनावरांसाठी १९६२, आरोग्यासाठी १०४. अंगणात चार कावळे मेलेले दिसले तर यांतला कुठला नंबर फिरवायचा, हे सामान्य माणसाने का ठरवावं? कुठलाही फिरवू दे. नोंद तिन्हीकडे एकाच वेळी उघडली पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी उलट फोन आला पाहिजे. हे करायला नवी प्रयोगशाळा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. एका जिल्ह्यात करून बघा. सिंधुदुर्गात करा, डिसेंबरच्या आत करा, कारण माकडतापाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो.